नाकाची हजेरी

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही मुलीला खायला तरी काय घालता?" म्हणजे नाक वाहतंय मुलीचं आणि चौकशी माझ्या स्वयंपाकाची. तुम्हाला सांगते, आई झाल्यापासून एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आलीय. मुलाला कुठे काही झालं की लोक आधी आईकडे बघतात, मग मुलाकडे, आणि मुलाकडे बघून झालं की पुन्हा आईकडे. मीही बघते. आरशात. 'काय गं, काय केलंस पोरीला?' असं स्वतःलाच दरडावून विचारते आणि स्वतःच घाबरते.

तर आमची ठकी. तिला खरं नाव आहे, चांगलं भारदस्त आहे, ते शोधताना आमची दोन भांडणं झाली, पण ते कुणी घेत नाही. वय तीनच्या अलीकडे. तिला पाळणाघरात घालायचं होतं कारण मला कामावर परत जायचं होतं, आणि कामावर परत जायचं होतं कारण... नाही, कारण कशाला सांगू? घरात दिवसभर फक्त 'भू' आणि 'गाई' एवढेच विषय निघत असतील तर सांगा, तुम्हाला नाही वाटणार कुठेतरी जावंसं? माझं काम तसं फार थोर नाही. शहराच्या पोटातून पाण्याच्या नळ्या कुठून कुठे जातात त्याचे नकाशे आमच्या ऑफिसात काढतात, ते मी तपासते. गळती कुठे आहे, ती कशामुळे आहे, हे कागदावर बघून सांगणं हे माझं शिक्षण. रस्त्याखालची गळती मी खुर्चीत बसून ओळखते. आणि माझ्या मांडीवर बसलेल्या पोरीच्या नाकाची गळती कशामुळे, ते मला ओळखता येईना.

मॅडमनी निरोप पाठवला होता. आमच्या मॅडम कमी बोलतात, पण बोलतात ते शिक्का मारल्यासारखं. "महिनाअखेरपर्यंत या. खुर्ची ठेवलीय. नाही आलात तर बदलीवर घेतलेला माणूस आहेच, त्यालाच कायम करते." संपलं. म्हणजे माझी खुर्ची कशावर टेकलेली? पाळणाघरातल्या जागेवर. आणि पाळणाघरातली जागा कशावर टेकलेली? ठकीच्या नाकावर. एवढंसं नाक हो, बटणाएवढं. त्यावर अख्ख्या घराची घडी.

कारण त्या पाळणाघरात नाकाची हजेरी असते. तुम्ही ऐकलंयत कधी? मी नव्हतं ऐकलं. सकाळी दारात मोठ्या ताई उभ्या. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात टिश्यूची घडी. पोरांची रांग. प्रत्येकाने हनुवटी वर करायची, ताई टॉर्च मारून दोन्ही भुयारं बघणार, मग टिश्यू नाकाखाली दाबणार आणि तो उजेडाकडे धरणार, सोनाराने खडा धरावा तसा. कोरडा निघाला तर "जा आत." ओला निघाला तर "आज नाही." बस, दोन शब्द. आणि नवीन मूल पहिल्या महिन्याभरात कधीतरी सलग आठवडाभर आत गेलं तरच जागा पक्की, नाहीतर ती पुढच्या मुलाला. नियम म्हणून वाईट नाही. मीच आधी कौतुक केलं होतं, "किती काळजी घेता हो तुम्ही." तेव्हा मला काय माहीत, माझीच पोरगी रोज ओली निघणार आहे.

पहिल्या दिवशी, "आज नाही." दुसऱ्या दिवशी, "आज नाही." मग रविवार मध्ये आला, मी मनात म्हटलं, सुटलो. सोमवारी ताईंनी टिश्यू उजेडाकडे धरला, मग माझ्याकडे बघितलं, आणि तो स्वयंपाकाचा प्रश्न विचारला. मागे उभ्या असलेल्या आया ताबडतोब आपापल्या मुलांना कडेवर घेऊन मागे सरकल्या. मी तुम्हाला सांगते, इतकी जागा मला बसमध्ये गरोदरपणातही कुणी करून दिली नव्हती.

आता घरी काय? घरी सासूबाई. स्वभावाने वाईट नाहीत, पण निदान करण्याची भारी हौस. "अगं, पंखा." पंखा बंद केला. "अगं, केस ओले ठेवतेस तिचे." केस धुणं बंद केलं. "अगं, ते कापडी अस्वल." अस्वल उकळत्या पाण्यात घातलं, त्याचा एक डोळा निघाला, ठकी तासभर रडली, आणि रडल्याने नाक वाहतंच, म्हणजे त्या दिवशी कशाने काय झालं त्याचा हिशेबच लागेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काही नाही हो." आणि पदराने नाक पुसलं. सासूबाई कायम नाक ओढत असतात, त्यांचं म्हणणं ते नाजूक आहे, दुरून वास कळतो त्यांना. नवरा न्हाणीघरातून ओळीने शिंका देत होता. तो रोज देतो. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दार वाजवलं होतं. आतून म्हणाला, "काही नाही गं, सकाळचं इंजिन गरम होतंय." मी मान्य केलं. माणसाने काय काय मान्य करावं नवीन लग्नात...

पण मी शिकलेली बाई. मी पंख्यावर आणि घराण्यावर विश्वास ठेवणारी नव्हे. मी वाचलं. मूल दिवसभर बंद घरात राहिलं तर नाजूक होतं, त्याला ताजी हवा हवी, झाडं हवीत, हिरवळ हवी. आणि पाळणाघराच्या शेजारीच बाग. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हे सुचलेली मीच पहिली आई. मी ठकीला लवकर उठवून बागेत न्यायला लागले. हजेरीच्या आधी नाक मोकळं करून न्यायचं, हा माझा बेत. परीक्षेच्या आधी उजळणी करतात ना, तशी नाकाची उजळणी.

काय बाग होती म्हणून सांगू. झाडं नुसती फुलोऱ्याने लगडलेली. माळी यंत्राने गवत कापायचा, त्याचा तो ओला हिरवा वास. बाकावर पिवळी पूड साचलेली असायची. ती मी रुमालाने स्वच्छ पुसायची, मग ठकीला बसवायची. स्वच्छतेत मी कमी पडणारी नव्हे. आणि ठकीचं नाक वाहायला लागलं की त्याच रुमालाने... हो, त्याच. झाडाखाली तिला पळवायची, "खोल श्वास घे बाळा, अजून खोल." पोरगी बिचारी आज्ञाधारक. खोल श्वास घ्यायची आणि शिंकायची. मी म्हणायची, "शाब्बास, घाण बाहेर पडतेय."

आणि हजेरीला? "आज नाही." मग मी काय करावं? शहाण्या माणसाने काय केलं असतं ते तुम्ही मनात म्हणताय, म्हणा. मी ताजी हवा वाढवली. आणखी लवकर जायला लागलो. घराच्या खिडक्या सताड उघडल्या. सासूबाई म्हणाल्या, "वारा लागेल." मी म्हटलं, "आई, विज्ञान आहे हे." बदलीवरच्या माणसाने, मला ऑफिसातून कळलं, माझ्या टेबलाच्या खणात आपला डबा ठेवायला सुरुवात केली होती. माणूस खणात डबा ठेवायला लागला म्हणजे तो मनाने तिथे राहायला आला. जीव नुसता टांगणीला.

शेवटी नवरा म्हणाला, "नाकाच्या डॉक्टरकडे जाऊ." गेलो. आणि काय सांगू तुम्हाला, त्या दवाखान्यात पाऊल ठेवलं आणि मला वाटलं, आपण चुकून कुठल्या सभेला आलो. बसायला जागा नाही. शाळेच्या गणवेशातली पोरं, टाय लावलेले पुरुष, एक बाई रडून रडून डोळे सुजवून बसलेल्या, मला इतकं वाईट वाटलं, मी त्यांना हळूच विचारलं, "घरचं कुणी...?" त्या म्हणाल्या, "नाही हो, बाभळीला फुलं आलीत." आणि कोपऱ्यात, वर्तमानपत्राआड, मोठा रुमाल नाकाला लावून कोण बसलंय?

मोठ्या ताई.

तुम्हाला सांगते, माझ्या पायाखालची फरशी सरकली. बाईंच्या नाकाचा शेंडा टोमॅटोसारखा. मी म्हटलं, "ताई, तुम्ही?" त्या म्हणाल्या, "डॉक्टरांशी ओळख आहे. सहज आले." आणि इतकी जोरात शिंकल्या की वर्तमानपत्राचं मधलं पान माझ्या पायाशी. मी उचलून दिलं. दोघींनी आपापल्या चपलांकडे बघितलं. ठकीने मात्र हनुवटी वर केली. सवय लागली होती ना पोरीला, ताई दिसल्या की हनुवटी वर.

डॉक्टर वयस्कर, शांत. ठकीकडे बघितलं. नेमकं तेव्हाच तिने तळहाताने नाक खालून वर घासलं. घरी आम्ही त्याला ठकीचा सलाम म्हणतो, पाहुणे आले की कौतुकाने करायला लावतो. डॉक्टर म्हणाले, "हे असं किती दिवस करते?" मी अभिमानाने सांगितलं, "बरेच दिवस, स्वतःच शिकली." त्यांनी तिच्या नाकावरची आडवी रेघ दाखवली. घासून घासून पडलेली. मी ती रेघ माझ्या माहेरच्या नाकाची खूण समजत होते.

"ताप?"

"नाही."

"नाक खाजतं? डोळे चोळते?"

"चोळते. झोपाळू आहे."

"झोपाळू नाही. ही सर्दी नाही, ऍलर्जी आहे. परागकणांची. झाडांच्या फुलोऱ्यातून हवेत उडतात ते. हिची कुणाला लागणार नाही."

आता लागणार नाही म्हटल्यावर मी नाचायला हवं होतं. पण मला वेगळंच सुचलं, मी घाबरून विचारलं, "म्हणजे दुर्मीळ काही आहे का?" डॉक्टर हसले. म्हणाले, "दुर्मीळ? अहो, दहा माणसं धरा, त्यांतल्या दोघातिघांना तरी असते. कुठे कमी, कुठे जास्त. अर्धे लोक तर नुसती सर्दी म्हणून भागवतात आणि डॉक्टरकडे येतच नाहीत."

दहातल्या दोघातिघांना. तुम्ही नीट ऐकलंत ना? मी तर खुर्चीतच राहिले. म्हणजे एवढी माणसं, रोज, आपल्या शेजारून, नाकं घेऊन जातात येतात, आणि मला कुणी सांगितलं नाही? शाळेत मला बेडकाच्या हृदयाला कप्पे किती ते शिकवलं. बेडकाचं हृदय मला आजतागायत लागलेलं नाही. आणि नाकाबद्दल अवाक्षर नाही.

डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं. "सकाळी घरून निघालात की थेट पाळणाघरात जाता?"

"छे, आधी ताजी हवा," मी म्हटलं. "शेजारी बाग आहे. झाडांखाली बसतो. गवत कापतात तिथे पळवते तिला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"किती वेळ?"

"नाक मोकळं होईपर्यंत."

"होतं?"

"नाही ना. म्हणून वेळ वाढवला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रागावले असते तरी चाललं असतं. ते रागावले नाहीत. फार हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही पोरीला रोज दळणाच्या गिरणीत नेऊन बसवता आणि अंगावर पीठ का दिसतं म्हणून विचारता." तुम्हाला सांगते, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि तो रुमाल, तो पिवळ्या पुडीचा रुमाल, माझ्या पर्समध्येच होता. मी पर्सची चेन हळूच लावली.

"घरात आणखी कुणाला त्रास?"

मी म्हटलं, "कुणालाच नाही. आमच्या घराण्यात..." तेवढ्यात नवऱ्याचं इंजिन गरम व्हायला लागलं. एक, आणखी एक, आणखी एक. डॉक्टर वाट बघत राहिले. संपल्यावर म्हणाले, "रोज सकाळी?" नवरा म्हणाला, "लहानपणापासून. आईला असं होतं, म्हणून मलाही होतं असं मला वाटायचं." डॉक्टर म्हणाले, "बरोबर वाटायचं. आईवडिलांना असली तर मुलांना होण्याची शक्यता वाढतेच." म्हणजे बघा, घराण्यात असलं काही नाही. घराण्यात फक्त एवढंच आहे.

मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुमचे डोळे?"

"माझे? नाही हो," मी म्हटलं. "मी जरा भावुक आहे. या दिवसांत मला भरून येतं."

"दरवर्षी? याच दिवसांत?"

मी डोळे पुसले. ठकी सलाम करत होती.

आणि मग नवरा हळूच म्हणाला, "थांब. त्या वर्षी. बागेत. मी लग्नाचं विचारलं, तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे खरं. त्या पाण्याकडे बघून याने माझा हात धरला हेही खरं. झाडं फुललेली होती, हेही... मी म्हटलं, "तुझाही आवाज दाटून आला होता."

तो म्हणाला, "हो."

"बोलता येत नव्हतं तुला."

"नाक बंद होतं गं."

बघा म्हणजे. एवढी वर्षं मी माहेरी सांगत आले, असा हळवा मुलगा शोधून सापडणार नाही, नुसतं विचारताना कंठ दाटला त्याचा. तो मित्रांना सांगत आला, पोरगी आनंदाने रडली. आणि दोघांना नुसता फुलोरा बाधला होता. एवढा मोठा संसार, हप्ते, पोरगी, सासूबाई, सगळं परागकणांवर उभं, आणि मला कुणी सांगितलं नाही.

बाहेर आलो तर ताई आत जायला उठल्या होत्या. मी वाट अडवली. एरवी माझी हिंमत नसती झाली, पण धक्का बसलेलं माणूस काहीही करतं. म्हटलं, "ताई, ठकीला सर्दी नाही. ऍलर्जी आहे. कुणाला लागत नाही."

त्या म्हणाल्या, "सगळ्या आया असंच म्हणतात."

"तुम्हाला काय झालंय?"

"ऍलर्जी."

"पोरांना लागते?"

"माझी? कशी लागेल?"

"मग ठकीची कशी लागेल?"

ताई विचारात पडल्या. प्रामाणिकपणे पडल्या, नाही म्हणत नाही मी. रुमालाची घडी उलटी केली, सुलटी केली. म्हणाल्या, "पण मी मोठी आहे ना." मग त्यांना ते स्वतःलाच पटलं नसावं, कारण म्हणाल्या, "बघू उद्या," आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाग बंद. खिडक्या बंद. घरातून निघालो ते मी पोरीला ओढणीत गुंडाळून, लोकांना वाटलं असेल मूल पळवून नेतेय. पाळणाघराच्या नळावर तिचं तोंड धुतलं, डॉक्टरांनी दिलेला फवारा आधीच मारला होता. आमचा नंबर आला. हनुवटी वर. टॉर्च. टिश्यू. ताईंनी तो उजेडाकडे धरला, आणि मी माझ्या नकाशे तपासणाऱ्या डोळ्यांनी इतक्या अंतरावरून बघितलं, कडेला ओल होती. थोडी, पण होती. खुर्ची गेली, मी मनात म्हटलं. ताई टिश्यूकडे बघत राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या नाकाच्या टोकावर एक थेंब लोंबत होता. मी नुसता माझा नवा, धुतलेला रुमाल पुढे केला. त्यांनी नाक पुसलं, टॉर्च बंद केला.

"जा आत."

आठवडा पार पडला. जागा पक्की झाली. पण त्या आठवड्यात माझी नजर पार बिघडली हो. बसच्या रांगेत उभी राहिले की मी माणसं नाही, नाकं बघते. दहातले दोघंतिघं, म्हणजे हा? ही? कंडक्टर डोळे चोळतोय, मी त्याला जागरण समजायची. औषधाच्या दुकानातला माणूस, मी त्याला नेहमी तुसडा समजायची, नाक मुरडतो म्हणून, तो बिचारा नाक खाजवतोय. वरच्या मजल्यावरच्या काकूंशी मी दोन वर्षं बोलत नव्हते, मला बघून नाक ओढतात म्हणून. अहो, माझ्या गॅलरीत कुंड्या. एवढी माणसं, एवढे गैरसमज, आणि मला कुणी सांगितलं नाही. मी काकूंकडे जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "नाही गं, मला तुझा रागच यायचा." ते असो.

मग सोमवार. मी ऑफिसात. ठकी आत गेली होती, मागे वळूनही बघितलं नव्हतं तिने. बदलीवरच्या माणसाने खणातून डबा काढून घेतला, जरा दुःखानेच. मी खुर्चीत बसले. आहाहा. पुढ्यात नकाशा, हातात पेन्सिल, कुणी 'भू' म्हणत नाही. आणि खुर्ची खिडकीशी. खिडकीबाहेर झाड. झाड कसं होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

पहिला थेंब नकाशावर पडला तो थेट पाण्याच्या टाकीवर. मग धारच लागली. मॅडम आल्या. त्यांचा एक नियम आहे, मागे एकदा अख्खा विभाग तापाने आडवा झाला होता तेव्हापासूनचा, सर्दी दिसली की घरी. त्यांनी विचारलं, "सर्दी?"

मी घाईघाईने म्हटलं, "नाही मॅडम, ऍलर्जी आहे."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. शिक्का मारणारी बाई, पण चेहरा असा मऊ झाला की मी ओळखलंच नाही. म्हणाल्या, "मूल पहिल्यांदा सोडून आलात ना? मीही तेव्हा ऍलर्जीच सांगितलं होतं सगळ्यांना."

"नाही मॅडम, खरंच परागकण..."

"हो हो, परागकण." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या, कुणी पाणी आणलं, कुणी पाठ चोळली, बदलीवरच्या माणसाने सुद्धा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, यांना जमत नसेल तर मी आहे." आणि त्या सगळ्यांत, मी मोजलं नाही पण दिसतं ना, दोघीतिघी तरी नाक ओढत होत्या, आणि एकीलाही आपल्याला काय झालंय ते माहीत नव्हतं.

मी विचार केला. सर्दी म्हटलं तर घरी जावं लागेल. ऍलर्जी म्हटलं तर विश्वास बसत नाही. समजावायला बसले तर तो डबा पुन्हा खणात जाईल.

मग म्हटलं, "हो मॅडम. पोरीची आठवण येते."

मॅडमनी टिश्यूचा अख्खा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "रडा, रडा, रडत रडत काम करा." तर तेव्हापासून, तुम्हाला सांगते, फुलोरा संपेपर्यंत मी रोज ऑफिसात नऊ ते पाच पोरीच्या आठवणीने रडते, आणि पोरगी तिकडे मजेत खेळते.